सभापतींचा हिशेब

महाराष्ट्रातल्या नोकरदाराच्या पगारातून दरमहा २०० रुपये व्यवसाय करापोटी जातात. फेब्रुवारीत ३०० जातात आणि वर्षाचे २५०० पुरे होतात. आपण थोडे कुरकुरतो आणि विसरतो. हा कर १९७५ साली बसला तो रोजगार हमी योजनेला पैसा हवा म्हणून. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून दुष्काळी गावातल्या मजुराला मजुरी द्यायची, हा तसा धाडसी बेत. त्यामागची योजना ज्यांच्या डोक्यातून निघाली, त्या वि. स. पागे यांच्याकडे तेव्हा कुठलेच खाते नव्हते. ते विधान परिषदेचे सभापती होते.

सभापतीची खुर्ची उंच, पण मुकी. त्याने वादात पडायचे नाही, बाजू घ्यायची नाही, मत द्यायचे तेही समसमान मते पडली तरच. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले तेव्हापासून १९७८ पर्यंत, म्हणजे सलग १८ वर्षे, विठ्ठल सखाराम पागे या खुर्चीत बसले. ७८ सदस्यांचे हे सभागृह. त्यातले काही विधानसभेने निवडलेले, काही नगरपालिका-जिल्हा परिषदांकडून आलेले, काही पदवीधरांचे, काही शिक्षकांचे, तर १२ राज्यपालांनी नेमलेले. 'वरचे सभागृह' म्हणून त्याची थट्टाही होई, अजूनही होते. पागे मूळचे वकील, स्वातंत्र्य चळवळीतून आलेले, सांगली जिल्ह्यातले. ज्याला दिवसभर इतरांचे ऐकायचेच काम, त्याला विचार करायला सवड मिळत असावी, असा माझा आपला कयास.

सभागृहात बोलता येत नव्हते, तेव्हा त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांना पत्र लिहून आपली कल्पना कळवली. हे १९६५ चे. हिशेबाची सुरुवात घरच्या शेतावरून झाली, असे सांगतात. अमुक रुपये खर्चले तर किती माणसांना किती दिवस काम मिळेल, असे त्यांनी घरात विचारले आणि उत्तराला राज्याच्या आकड्याने गुणले. तासगाव तालुक्यातल्या मोजक्या गावांत आधी प्रयोग झाला. पुढे १ मे १९७२ रोजी योजना राज्यभर जाहीर झाली.

आणि नेमका दुष्काळ पडला. बहात्तरचा दुष्काळ म्हटले की आजही म्हाताऱ्या माणसांना मिलो आणि सुकडी आठवते. १९७३ च्या उन्हाळ्यात जवळपास पन्नास लाख माणसे खडी फोडत होती, पाझर तलाव खणत होती. ही कामे मात्र दुष्काळनिवारणाची होती. हमी योजना बाजूला ठेवून सरकारला जुन्याच वाटेने जावे लागले. पण मागितले की काम मिळते, हे त्या उन्हाने लोकांना शिकवले. दुष्काळ ओसरल्यावर ती मागणी मागे हटेना. डाव्या आणि समाजवादी संघटनांनी मोर्चे काढून ती धगधगती ठेवली. हे श्रेय एकट्या पाग्यांच्या नावावर लिहिणे बरोबर नाही.

पाग्यांचे खरे योगदान मला 'हमी' या एका शब्दात दिसते. दुष्काळी काम कधी सुरू व्हायचे? आणेवारी पन्नास पैशांखाली आली आणि कलेक्टरसाहेबांनी मनावर घेतले की. हमीत हा क्रम उलटला. मजुराने अर्ज करायचा आणि पंधरा दिवसांत काम द्यायचे ओझे सरकारवर. दिले नाही तर बेकारी भत्ता. तो कायद्याने ठरला दिवसाला निदान एक रुपया. रक्कम हास्यास्पद होती, आणि तीही फारशी कुणाच्या हातात पडली नाही. पण अर्जदार आणि याचक यांतला फरक वकिलाला बरोबर कळतो.

नाईक गेले, शंकरराव चव्हाण आले. त्यांच्या काळात कर बसला. १९७७ चा रोजगार हमी कायदा वसंतदादा पाटलांच्या काळातला, आणि तो प्रत्यक्ष अमलात आला २६ जानेवारी १९७९ रोजी, शरद पवारांच्या पुलोद सरकारात. चार मुख्यमंत्री, एकमेकांशी फारसे न पटणारे. पण कुणीही हे काम मोडीत काढले नाही. तोवर पागे खुर्चीवरून उतरले होते. त्यांच्या जागी रा. सू. गवई आले.

पुढची कथा सरळ नाही. खोटी हजेरीपत्रके निघाली, मुकादमांनी मस्टरवर मेलेली माणसे चढवली, मोजमापात इंजिनिअरांचे हात ओले झाले. रस्त्यांवर मातीचे ढीग पडून राहिले आणि पुढच्या पावसाने ते नेले. करातून आलेला पैसा दरवर्षी पुरा खर्चही झाला नाही. तरीही बाईला घराजवळ काम आणि कामाच्या मोजावर पुरुषाइतकीच मजुरी, हे गावगाड्यात आधी कुठे होते? २००५ साली दिल्लीने देशासाठी असाच कायदा केला तेव्हा कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची मर्यादा घातली. महाराष्ट्राच्या कायद्यात दिवसांचे कुंपण नव्हते.

विधान भवनात आमदारांना कामकाज शिकवणारे एक प्रशिक्षण केंद्र पाग्यांच्या नावाने आहे. हमीच्या कामावर राबलेल्यांतल्या कितीजणांना ते नाव ठाऊक असेल?

पागे १९९० साली गेले. त्याच वर्षी सरकारने फळबागा रोजगार हमीला जोडल्या. शेतकऱ्याने आपल्याच रानात खड्डे घ्यायचे, रोपे लावायची आणि त्याची मजुरी योजनेतून घ्यायची. ज्या माळावर खडी फोडली गेली होती तिथे बोर, डाळिंब, आंबा उभा राहिला.