सात परिषदांची एक परिषद : कॉर्नवॉलचा अनुभव

रस्ता कोणी दुरुस्त करावयाचा, कचरा कोणी उचलावयाचा व शाळा कोणी चालवावयाची, हे ज्या नागरिकास ठाऊक नाही, त्याने जाब तरी कोणास विचारावा? स्थानिक स्वराज्याचा पाठ शिकविताना हा प्रश्न प्रथम विचारात घ्यावा लागतो. इंग्लंडच्या नैऋत्य टोकावरील कॉर्नवॉल परगण्याचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

१९७४ पासून तेथे द्विस्तरीय व्यवस्था होती. वर परगण्याची एक परिषद आणि खाली साधारणतः आपल्या तालुक्यासारख्या विभागांच्या सहा परिषदा. शाळा, रस्ते व समाजसेवा ही कामे वरच्या परिषदेकडे. गृहनिर्माण व बांधकामाची परवानगी खालच्या परिषदांकडे. कचरा गोळा करणे खालच्या परिषदेचे काम, तर त्याची विल्हेवाट लावणे वरच्या परिषदेचे! साहजिकच सामान्य माणसाचा गोंधळ होई.

१ एप्रिल २००९ रोजी या सातही परिषदांच्या जागी एकच परिषद आली. सात कचेऱ्यांचा कारभार एका हाती आला व जबाबदारी कोणाची, हे स्पष्ट झाले. गावपातळीवरील लहान पंचायती मात्र पूर्ववत राहिल्या.

तथापि या लाभाचे मोलही द्यावे लागते. नव्या परिषदेत प्रारंभी १२३ सदस्य होते. २०२१ पासून ते ८७ झाले. त्या वर्षीच्या शिरगणतीनुसार लोकसंख्या सुमारे ५ लक्ष ७० हजार होती. म्हणजे एका सदस्यामागे सुमारे साडेसहा हजार माणसे. कारभार सुटसुटीत होतो, पण प्रतिनिधी दूर जातो.

महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. त्या वेळी पश्चिम महाराष्ट्रात जिल्हा लोकल बोर्ड व जिल्हा स्कूल बोर्ड यांची निरनिराळी कामे एका छत्राखाली आली. प्राथमिक शिक्षकांची सेवाही त्यातच आली. मात्र येथे पंचायत समिती व ग्रामपंचायत हे स्तर राखण्यात आले. कामाची एकसूत्रता व लोकांचे सान्निध्य या दोहोंचा मेळ कसा घालावा, हाच दोन्हीकडील मूळ प्रश्न होय.

शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांकडून गावातील दहा सार्वजनिक कामांची यादी करवून घ्यावी व प्रत्येक कामापुढे ते करणाऱ्या संस्थेचे नाव लिहवून घ्यावे. जेथे मूल अडेल, तेथूनच खरा पाठ सुरू होईल.