संगणकाचे 'शेल' : संकल्पना, कार्यपद्धती आणि महाविद्यालयीन उपयुक्तता

बीजशब्द : ऑपरेटिंग सिस्टिम, कर्नल, शेल, आज्ञा, पाइप

प्रस्तावना :
महाराष्ट्रात संगणक साक्षरतेचा प्रसार प्रामुख्याने माऊस, चिन्हे आणि मेनू यांच्या आधारे झाला. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या 'एमएस-सीआयटी' अभ्यासक्रमाने लाखो लोकांना संगणकाची ओळख करून दिली. हे कार्य मोलाचे आहे. तथापि, मेनूमध्ये नसलेले काम वापरकर्त्याला हातानेच करावे लागते. संगणकाला लेखी आज्ञा देण्याची सोय, म्हणजेच शेल, ही मर्यादा दूर करते. प्रस्तुत लेखात शेलचे स्वरूप आणि प्राध्यापकांच्या दृष्टीने त्याचे महत्त्व स्पष्ट केले आहे.

शेल म्हणजे काय?
ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यास 'कर्नल' म्हणतात. मेमरी, फाइली व जोडलेली उपकरणे यांचे नियंत्रण तो करतो. त्याभोवतीचे कवच म्हणजे शेल. टाइप केलेली ओळ शेल वाचतो, तिचे शब्द वेगळे करतो, पहिल्या शब्दावरून कोणता प्रोग्रॅम चालवायचा हे ठरवतो आणि उर्वरित शब्द त्या प्रोग्रॅमकडे सोपवतो. शेल हाही एक प्रोग्रॅमच असल्याने कर्नलला धक्का न लावता तो बदलता येतो.

ऐतिहासिक विकास :
'शेल' ही संज्ञा १९६० च्या दशकात 'मल्टिक्स' प्रणालीच्या संदर्भात लुई पुझाँ यांनी रूढ केली. युनिक्ससाठी केन थॉम्पसन यांनी १९७१ मध्ये शेल लिहिला. डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहातून १९७३ मध्ये 'पाइप' ही सोय युनिक्समध्ये आली. पुढे १९७९ मध्ये स्टीफन बोर्न यांचा शेल, १९८९ मध्ये ब्रायन फॉक्स यांचा 'बॅश' आणि २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टचा 'पॉवरशेल' उपलब्ध झाला.

कार्यपद्धती : एक उदाहरण
पनवेलमधील एखाद्या महाविद्यालयात पनवेल, उरण, कर्जत व खालापूर तालुक्यांतील विद्यार्थी आहेत असे मानू. प्रवेशयादीत प्रत्येक ओळीवर एक विद्यार्थी असून तिसऱ्या रकान्यात तालुका आहे. तालुकानिहाय संख्या काढण्यासाठी तीन छोटे प्रोग्रॅम पुरतात. 'कट' तिसरा रकाना वेगळा करतो, 'सॉर्ट' सारखी नावे एकत्र आणतो आणि 'युनिक' लागोपाठ आलेल्या समान ओळी मोजतो. यांच्यामध्ये दिलेली उभी रेघ म्हणजे पाइप. एकाचे उत्तर ती दुसऱ्याच्या हाती देते. 'युनिक' केवळ शेजारच्या ओळी तपासतो, म्हणून 'सॉर्ट' आधी यावा लागतो.

येथे महत्त्वाची बाब वेगाची नसून पडताळणीची आहे. नॅकच्या अहवालातील एखाद्या आकड्याविषयी शंका उपस्थित झाल्यास, माऊसने केलेल्या कृतींचा सहसा मागमूस उरत नाही. जपून ठेवलेली आज्ञा मात्र कोणालाही वाचता येते, तपासता येते आणि पुढील वर्षी त्याच स्वरूपाच्या यादीवर पुन्हा चालवता येते. एखाद्या नोंदीत 'पनवेल' या नावापुढे अनवधानाने रिकामी जागा राहिली, तर ती नोंद वेगळी मोजली जाते. अशा रीतीने मूळ यादीतील दोषही उघड होतो.

मर्यादा व दक्षता :
शेल आज्ञेचा हेतू जाणत नाही, केवळ शब्द पाळतो. 'आरएम' या आज्ञेने काढलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही. त्यामुळे मूळ यादीची प्रत प्रथम ठेवावी. २०१४ मध्ये बॅशमध्ये 'शेलशॉक' हा गंभीर सुरक्षादोष आढळला होता. म्हणून सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवणेही आवश्यक आहे. आज्ञा रोमन लिपीत असल्या, तरी युनिकोडमुळे फाइलीतील मजकूर मराठीत ठेवता येतो. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्सविषयक धडे मराठी निवेदनासह तयार झाले असल्याने भाषेची अडचणही कमी झाली आहे.

निष्कर्ष :
शेल हा जुन्या काळाचा अवशेष नव्हे. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीतील सर्व संगणक लिनक्सवर चालत आले आहेत आणि अशा यंत्रांवर संशोधक सामान्यतः आज्ञांद्वारेच काम सोपवतात. परंतु शेलचा उपयोग केवळ विज्ञान शाखेपुरता नाही. सर्वेक्षणाच्या याद्या हाताळणाऱ्या अर्थशास्त्राच्या किंवा शब्दसंख्या मोजणाऱ्या मराठीच्या अध्यापकालाही तो तितकाच उपयुक्त आहे. निष्कर्षाबरोबर तो काढण्याची रीतही लेखी स्वरूपात मांडणे ही संशोधनाची मूलभूत शिस्त असून, शेल तिला पूरक ठरतो.