जुन्या भिंगांची कैफियत

मुंबईच्या उपनगरांना छायाचित्रणाचा जो वारसा लाभला आहे त्याचे मूळ शोधू गेल्यास मालाडला थांबावे लागते. कारण १९३४ साली हिमांशू राय आणि देविका राणी यांनी तेथेच बॉम्बे टॉकीज ही संस्था उभी केली, आणि म्युनिकहून आलेले योजेफ विर्शिंग हे तिचे छायाचित्रकार झाले. 'अछूत कन्या'पासून 'महल'पर्यंत आणि त्यांच्या मृत्यूनंतर पुरा झालेल्या 'पाकीजा'पर्यंत विर्शिंग यांची प्रकाशयोजना आपल्या प्रेक्षकांच्या परिचयाची आहे. परंतु चित्रीकरणाच्या आगेमागे लायका कॅमेऱ्यावर त्यांनी टिपलेली स्थिरचित्रे कित्येक दशके घरातच राहिली आणि २०१७ साली गोव्याच्या सेरेंडिपिटी कलामहोत्सवात रसिकांपुढे आली. त्या कृष्णधवल चित्रांतील उजळ भागाभोवतीची मंद प्रभा, छायेतील मऊपणा आणि चेहऱ्यावरून ओघळणारा उजेड पाहिला की अभ्यासकाच्या मनात साहजिकच विचार येतो, की त्या पिढीतील भिंगे आजच्या डिजिटल कॅमेऱ्यावर चढविली आणि त्यांतून रंगीत जग पाहिले, तर काय दिसेल?

हा प्रश्न आता केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही. अंधेरी-गोरेगावच्या ज्या पेढ्या चित्रपटांसाठी कॅमेरे भाड्याने देतात त्यांच्याकडे जुन्या काचांना मागणी आहे, आणि बोरिवली-मुलुंडच्या घराघरांत आजोबांच्या झेनिट कॅमेऱ्याचे भिंग कपाटात पडून असलेली नवी पिढी ते स्वतःच्या कॅमेऱ्याला लावू पाहते आहे. चित्र निघते, पण रंग फिरलेले असतात, आणि मग सगळ्याच विकृतीचे खापर जुन्या भिंगाच्या माथी फोडून संगणकावर ते चित्र इतके धुऊन काढले जाते की भिंग जुने असण्याला काही अर्थच उरत नाही. माझे म्हणणे असे आहे, की येथे आरोपी एक नसून तीन आहेत. त्यांचे अपराध भिन्न आहेत आणि प्रत्येकाच्या निवारणाचे गणितही भिन्न आहे.

मुळात हा संयोग शक्य झाला तो कॅमेऱ्यातून आरसा गेल्यामुळे. भिंगाची बैठक आणि फिल्मचा पृष्ठभाग यांतील अंतर हे प्रत्येक कॅमेऱ्याचे ठरलेले माप असते: निकॉनच्या जुन्या बैठकीचे ४६.५ मिलिमीटर, झेनिट आणि जुन्या पेंटॅक्सच्या ४२ मिलिमीटर आट्यांच्या बैठकीचे ४५.४६, लायकाच्या एम बैठकीचे २७.८. आरसा नसलेल्या आजच्या सोनी कॅमेऱ्यात हेच अंतर १८ आणि निकॉनच्या झेड मालिकेत १६ मिलिमीटर असल्याने, मधली तफावत धातूच्या एका पोकळ कड्याने, ज्याला बाजारात अडॅप्टर म्हणतात, भरून काढली की बहुतेक कोणतेही जुने भिंग चालते. झेनिटवरचे हेलिओस ५८ मिलिमीटर सोनीवर बसवायचे तर ते कडे २७.४६ मिलिमीटर जाडीचे हवे. ते किंचित पातळ निघाले तर अनंतावरचा फोकस ठरलेल्या खुणेच्या अलीकडेच साधतो, आणि जाड निघाले तर तो साधतच नाही.

पहिला आरोपी म्हणजे काचेचे वय. काचेचा अपवर्तनांक वाढावा म्हणून विसाव्या शतकाच्या मध्यास काही निर्मात्यांनी तिच्यात थोरियम ऑक्साइड मिसळले. पेंटॅक्सच्या सुपर ताकुमार ५० मिलिमीटर, एफ १.४ या भिंगाची सात घटकांची आवृत्ती त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. थोरियमच्या मंद किरणोत्साराने काचेतील इलेक्ट्रॉन जागचे हलतात, काचेतील उणिवांमध्ये अडकून बसतात आणि निळा प्रकाश शोषू लागतात. असे भिंग पांढऱ्या कागदावर धरून त्यातून पाहिले तर कागद चहाचा डाग पडल्यासारखा पिवळट दिसतो. अतिनील किरणांनी ते इलेक्ट्रॉन पुन्हा मोकळे होतात, म्हणून अतिनील दिव्याखाली किंवा उन्हात काही दिवस ठेवलेल्या भिंगाचा पिवळेपणा पुष्कळसा ओसरतो; मात्र उन्हात ठेवताना भिंग सूर्याची प्रतिमा कोठे पाडते आहे इकडे लक्ष हवे, नाहीतर आग लागण्याचे भय असते, आणि थोरियमची काच स्वतः घासण्याच्या भानगडीत कोणीही पडू नये. हा दोष चित्रभर सारखा पसरलेला असल्याने त्याचे निवारण साध्या गुणाकाराने होते: करड्या कार्डाचे एक छायाचित्र घ्यावे आणि त्यावरून पांढऱ्याचा समतोल ठरवावा. किंमत एवढीच, की निळी वाहिनी वाढवावी लागते आणि छायेत निळसर कण दिसू लागतात. म्हणून अशा भिंगाला सेन्सर सोसेल तितका प्रकाश अधिक द्यावा.

दुसरा आरोपी अधिक सूक्ष्म आहे, आणि माझ्या मते त्याला आरोपी म्हणणेही सर्वस्वी न्याय्य नाही. काच आणि हवा यांच्या प्रत्येक सीमेवर सुमारे ४ ते ५ टक्के प्रकाश परत फिरतो. लायकाबरोबर येणाऱ्या युद्धपूर्व एल्मार ५० मिलिमीटरमध्ये अशा सहा सीमा होत्या आणि त्यांवर कोणतेही लेपन नव्हते, तेव्हा एक-पंचमांशाहून अधिक प्रकाश वाटेतच परावर्तित होई. त्यातला काही भिंगाच्या आत इतस्ततः फिरून अखेर चित्रावर धुक्यासारखा पसरे. झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली परावर्तनरोधक लेपनाची युक्ती काढली, परंतु ती सर्वत्र रूढ व्हायला युद्धोत्तर काळ उजाडला. अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीचा सुमारे ६१ मीटर उंचीचा काळा बेसाल्ट भरदुपारी अशा भिंगातून टिपला, तर वरच्या आकाशाचा फिकट निळा थर कातळाच्या काळ्या भेगांत उतरलेला दिसतो. येथे समतोलाचा गुणाकार निरुपयोगी ठरतो, कारण हा प्रकाश मुळात बेरजेने आलेला असतो. त्याची वजाबाकीच करावी लागते, म्हणजे लाल, हिरव्या आणि निळ्या वाहिनीचा काळा बिंदू स्वतंत्रपणे खाली आणावा लागतो. तोही अगदी तळापर्यंत नेऊ नये, कारण विर्शिंग यांच्या काळातील चित्रांत जो मऊपणा आपल्याला मोहवितो त्याचा मोठा वाटा याच बेरजेचा आहे.

तिसरा आरोपी भिंगात नाहीच. तो आजच्या कॅमेऱ्यात आहे, आणि सर्वांत अधिक अन्याय त्याच्यामुळे घडतो. जुन्या लायकासारख्या कॅमेऱ्यात आरसा नसल्याने विशालकोनी भिंगाचा मागला घटक फिल्मच्या अगदी जवळ नेता येई. बर्टेले यांचे बायोगॉन आणि त्याच्या युद्धपूर्व रूपावरून घडविलेले सोव्हिएत ज्युपिटर-१२ या कुळातले. उलटपक्षी, आरशाला जागा करून देण्यासाठी पिएर आंजेन्यू यांनी १९५० साली मागला घटक दूर ठेवणारी रेट्रोफोकस रचना बाजारात आणली, आणि त्यामुळे त्या वंशातली भिंगे आज डिजिटल कॅमेऱ्यावर तुलनेने निर्वेध चालतात. पहिल्या कुळाच्या २१ मिलिमीटर भिंगातून चित्राच्या कोपऱ्यावर जाणारा किरण जवळजवळ ४५ अंशांच्या तिरकसपणाने पोहोचतो. फिल्मच्या द्रावात विखुरलेल्या कणांना त्याचे सुखदुःख नव्हते. परंतु सेन्सरवर आधी अवरक्त किरण अडविणारी काच, मग सूक्ष्म भिंगे, मग रंगांचे पडदे आणि त्याखाली प्रकाशग्राही विवरे अशी उतरंड असते. तिरका किरण काचेतून अधिक लांबून जातो, तेथे लाल भाग अधिक शोषला जातो, आणि एका विवरासाठी निघालेला प्रकाश शेजारच्या विवरात शिरून एका रंगाचा हिशेब दुसऱ्याच्या खात्यावर चढतो. रचना डाव्या-उजव्या अंगांना तंतोतंत सारखी नसली की दोन्ही कडा निराळ्या रंगतात. २००९ च्या लायका एम ९ वर डावी कड तांबूस आणि उजवी हिरवट होण्याची तक्रार जगभर गाजली. त्याआधी २००६ च्या एम ८ मध्ये अवरक्त किरणांची गाळणी इतकी पातळ होती की काळे कृत्रिम कापड जांभळे दिसे. २०१५ च्या सोनी ए ७ आर २ मधील मागून उजळणाऱ्या सेन्सरने हा त्रास पुष्कळ कमी केला, तरी जाड आवरणकाचेचा प्रश्न शिल्लक राहिला.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीच्या चैत्यगृहात, जेथे दोन्ही अंगांना एकाच पाषाणाच्या स्तंभांच्या रांगा आहेत, हा दोष लख्ख उघडा पडतो: एकाच कातळाचे डावे खांब विटकरी आणि उजवे शेवाळी दिसतात. सगळ्या चित्राचा समतोल बदलून उपयोग नाही, कारण डावी बाजू सुधारताना उजवी अधिकच बिघडते. येथे जागेगणिक निराळा गुणाकार हवा. त्यासाठी दुधी ॲक्रिलिकचा एक तुकडा घ्यावा, जो दुकानांच्या प्रकाशित पाट्या करणाऱ्या कोणत्याही कारागिराकडे मिळतो. तो भिंगाला टेकवून, विषयाच्या चित्रासाठी वापरलेलेच छिद्र आणि फोकसचे तेच अंतर कायम ठेवून, त्याच उजेडात एक रॉ छायाचित्र घ्यावे. हे छायाचित्र म्हणजे दोषाचा नकाशाच होय: शुभ्र असायला हवी होती ती चौकट एका कडेला गुलाबी आणि दुसरीला हिरवी उमटते. मूळ चित्राला या नकाशाने बिंदूगणिक भागले की स्तंभ आपल्या खऱ्या करड्या रंगावर येतात. लाइटरूम क्लासिक आणि कॅप्चर वन या दोन्ही प्रणालींत ही सोय आहे, आणि दोन्हींत कडांचा काळोख तसाच राखून केवळ रंगाचे वैषम्य दूर करण्याचा पर्यायही दिलेला आहे. तोच पर्याय निवडावा असे मी आग्रहाने सांगेन, कारण कडांकडे मंदावणारा उजेड ही भिंगकाराच्या रचनेची देणगी असते, तर रंगाचे वैषम्य ही आपल्या सेन्सरची भर असते.

श्रावणातले ढगाळ आकाश हे या कामाला उत्तम प्रकाशसाधन आहे, पण तोच पाऊस भिंगांचा शत्रू. उपनगरातील दमट हवेत भिंगाच्या आत बुरशीची जाळी धरतात, आणि ती लेपनात रुजल्यावर पुसून जात नाहीत. सिलिका जेलच्या पुड्या ठेवलेला हवाबंद डबा हा किमान बंदोबस्त होय.

रंगाच्या अशा तपासाची गरज आपल्याकडे जुनीच आहे. प्रभात फिल्म कंपनीने १९३३ साली 'सैरंध्री' रंगीत करण्याचा घाट घातला, तिच्या प्रती जर्मनीत छापून घेतल्या, आणि रंग मनासारखे उतरले नाहीत. तेव्हा चूक नेमकी कोणत्या टप्प्यावर झाली हे वेगळे काढण्याचे साधन कोणाच्या हाती नव्हते. आज ते प्रत्येकाच्या टेबलावर आहे. म्हणून ज्यांच्या घरी जुने भिंग आहे त्यांनी प्रत्येक छिद्राचे आणि तीन-चार अंतरांचे दुधी नकाशे एकदाच काढून, त्या भिंगाच्या क्रमांकानिशी, कॅमेऱ्याच्या नावासह आणि तारखेसह दप्तरी ठेवावेत. कॅमेरा बदलला की ते रद्द समजून नवे काढावेत, कारण ते नकाशे त्या जोडीचे असतात, एकट्या भिंगाचे नव्हेत.