वीस मिनिटांनी सरकलेली संक्रांत

पानिपतची लढाई ऐन संक्रांतीला झाली, असा मेसेज दर जानेवारीत फिरतो. ते खरं का, असं एका वाचकांनी विचारलंय. लढाईची तारीख पक्की आहे, १४ जानेवारी १७६१. पण त्या वर्षी संक्रांत १० तारखेच्या आसपासच होऊन गेली होती. विवेकानंदांचा जन्म १८६३च्या संक्रांतीचा, आणि तारीख १२ जानेवारी. आता संक्रांत १४-१५ला येते. साधारण ७२ वर्षांत एक दिवस, असा तिचा वेग.

सूर्याभोवतीची प्रदक्षिणा पुरी झाली हे ठरवायला खूण लागते. ताऱ्याची खूण धरली, तर वर्ष भरतं ३६५ दिवस ६ तास ९ मिनिटांचं. हे नाक्षत्र वर्ष. आपली पंचांगं याच निरयन पद्धतीने चालतात. मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात त्या वसंतसंपाताची खूण धरली, तर ३६५ दिवसांवर ५ तास ४९ मिनिटंच लागतात. पृथ्वीचा आस डुलतो, त्यामुळे संपातच सूर्याला थोडा सामोरा येतो. हे सायन वर्ष. ऋतू याच्या तालावर चालतात, आणि इंग्रजी कॅलेंडरही. दोन वर्षांतला हा वीस मिनिटांचा फरक म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण सुमारे सतराशे वर्षांपूर्वी मकरसंक्रमण आणि उत्तरायण एकाच वेळी व्हायचं. आज खरं उत्तरायण २१-२२ डिसेंबरलाच सुरू होतं.

हे मराठीत तळमळीने सांगणारा माणूस म्हणजे मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित, पेशाने शिक्षक. विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासोबत त्यांनी सायन पंचांगाचा आग्रह धरला. याच डुलण्यावरून वेदांचा काळ ठरवणारा टिळकांचा ‘ओरायन’ हा ग्रंथ सगळ्यांना ठाऊक असतो, दीक्षितांच्या कृत्तिका मात्र कुणाच्या गावी नसतात! कृत्तिका पूर्वेपासून ढळत नाहीत, असं शतपथ ब्राह्मणात म्हटलंय. आज पुण्यातून पाहिलं तर त्या पूर्वेच्या चांगल्या पंचवीस अंश उत्तरेला उगवतात. आसाच्या डुलण्यावरून हिशेब मांडून दीक्षितांनी ते निरीक्षण इसवी सनापूर्वी ३०००च्या सुमाराचं ठरवलं. त्या काळाबद्दल वाद आहेत, पण हिशेबाची रीत बिनतोड.

२२ मार्च १९५७ला सरकारने सायन वर्षावर बेतलेली राष्ट्रीय दिनदर्शिका लागू केली. मेघनाद साहांच्या समितीची ती शिफारस. तिची तारीख राजपत्रावर छापून येते; मुहूर्त मात्र तीत कुणी पाहत नाही.