पाण्याची हद्द

देवास या एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी पवारांची दोन संस्थाने १९४८ पर्यंत नांदत होती, आणि दोन्ही दरबारांच्या हद्दी त्याच वस्तीतून गेलेल्या असल्यामुळे कोणती गल्ली कोणाच्या अमलाखाली, हे परक्या माणसाला सहसा उमगत नसे. माणसाने आखलेल्या हद्दींची अशी सवय जडलेला विद्यार्थी विद्यापीठात जलविज्ञानाकडे वळतो तेव्हा काही गैरसमज त्याच्याबरोबर येतात. त्यांपैकी तिहींचे निरसन धार-देवासच्या भूमीवरच होऊ शकते.

गैरसमज : नद्यांचा अभ्यास म्हणजे उगम, लांबी आणि उपनद्या पाठ करणे.

वस्तुस्थिती : जलविज्ञानाचे एकक पाणलोट क्षेत्र हे आहे. धार जिल्हा मुलकी दप्तरात एक. परंतु त्याचे पाणी तीन खोऱ्यांत वाटले जाते. विंध्याच्या दक्षिण उतारावरचे नर्मदेला, मिंडा गावाजवळून निघणाऱ्या महीचे खंबायतच्या आखाताला आणि चंबळेकडे वळलेले यमुना-गंगेच्या वाटेने थेट बंगालच्या उपसागराला. माळव्याच्या पठारावर हा जलविभाजक म्हणजे डोळ्यांना जेमतेम जाणवणारी एखादी चढण असते. प्रत्येक खोऱ्याची स्वतंत्र खतावणी मांडावी लागते : पाऊस ही जमा, बाष्पीभवन, वनस्पतींचे बाष्पोत्सर्जन आणि वाहून गेलेले पाणी हा खर्च, मातीतील ओल व भूजल ही शिल्लक. हा ताळेबंद जुळवण्यासाठी भूगोलाइतकेच गणित आणि भूशास्त्र लागते.

गैरसमज : नदी निराळी, विहीर निराळी.

वस्तुस्थिती : येथील क्षिप्रा नदीला हिमाचा आधार नाही. पावसाळा ओसरल्यावर तिच्या पात्रात जे वाहते ते बहुतांशी काठच्या जमिनीतून झिरपणारे भूजल होय. आसपासच्या उपशाने भूजलाची पातळी पात्राखाली उतरली की हा पाझर थांबतो. २०१४ साली नर्मदेचे पाणी उपसून क्षिप्रेच्या उगमाजवळ उज्जैनी गावी सोडण्यात आले. त्याने पात्र भरले, परंतु क्षिप्रेच्या खोऱ्याची स्वतःची तूट काही त्याने भरून निघत नाही.

गैरसमज : कूपनलिका जितकी खोल, तितके पाणी अखंड, पाताळात नद्या वाहतातच.

वस्तुस्थिती : येथे मातीखाली बेसाल्टचे थर आहेत, पाणी मावते ते त्याच्या झिजलेल्या भागात, भेगांत आणि सच्छिद्र पट्ट्यांत. शिवाय वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पडलेली काळी माती पहिला पाऊस गटागटा पिते खरी, पण पुढे ती फुगून भेगा मिटतात आणि पाणी वरूनच निघून जाते. परिणामी साठा थोडा आणि भरणाही सावकाश. १९९० च्या उन्हाळ्यात देवासला इंदूरहून आगगाडीने पाणी आणावे लागले, ते या हिशेबाकडे दुर्लक्ष झाल्यामुळेच. २००६ पासून देवास जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी शेततळी खणून सिंचनाचा भार कूपनलिकांवरून तळ्यांवर आणला. त्या तळ्यांना ते रेवासागर म्हणतात.

अशा तळ्यात पट्टी रोवून रोज सकाळी पातळी टिपणारा विद्यार्थी त्या खतावणीची पहिली नोंद करीत असतो. त्या वहीत थोरली पाती, धाकटी पाती वा जिल्ह्याची हद्द यांसाठी रकाना नसतो.