यंत्राने तक्रार कशी करावी?

सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी मोजतात, हे तुम्ही ऐकले असेल. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी. पावसाळ्यात ‘आयर्विनला ३८ फूट, पाणी चढते आहे’ एवढे कानी पडले, की नदीकाठचा माणूस सामान माळ्यावर टाकू लागतो. वर सातारा जिल्ह्यात कोयना धरणातून किती पाणी सोडले हेही त्याला हवे असते. कारण कोयना कराडला कृष्णेस मिळते आणि ते पाणी पुढे सांगलीला येते. कोठे, किती, कशामुळे हे न सांगता कोणी तासातासाला नुसती ‘पाणी आले’ अशी हाकाटी केली, तर लोक दोन दिवसांत कानाडोळा करतील. मग खरा पूर आला तरी!

संगणकाच्या जगात हाच प्रश्न उभा राहिला आहे. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्सने सुरू केलेल्या लिनक्सची आज्ञावली सर्वांना खुली आहे. तिच्या गाभ्याच्या प्रत्येक नव्या आवृत्तीत दहा हजारांहून अधिक बदल असतात. एखाद्या बदलामुळे कालपर्यंत नीट चालणारे काम आज बिघडते. ही झाली पीछेहाट, म्हणजे ‘रिग्रेशन’. ती हुडकण्यासाठी यंत्रेच नेमली आहेत. इंटेलचा ‘कर्नल टेस्ट रोबॉट’ आणि गूगलचा ‘सिझबॉट’ ही त्यांतली दोन.

दोषी बदल सापडतो कसा? शब्दकोशात शब्द पाहतो तसा. मधली अवस्था तपासायची. ती बिघडलेली असेल तर दोष आधीच्या अर्ध्यात, नसेल तर नंतरच्या. १६,३८४ बदल असले तरी १४ चाचण्या पुरतात. (१६,३८४ ला २ ने भागत जा, म्हणजे पटेल.)

पण समजा, बिघाड तीन वेळांतून एकदाच दिसतो. तीनदा चाचणी घेऊनही तो न दिसण्याची शक्यता ८/२७, म्हणजे सुमारे ३० टक्के! तेवढ्यात यंत्राने ‘येथे दोष नाही’ असे ठरवले, तर पुढचा सारा शोध चुकीच्या अर्ध्यात होतो आणि भलत्याच माणसाच्या नावे तक्रार जाते. तो बिचारा कदाचित दिवसाची नोकरी आटोपून रात्री हौसेने हे काम करणारा असतो. यंत्राला शंभर पत्रे पाठवायला श्रम पडत नाहीत, वाचणाऱ्याला पडतात. म्हणून चांगल्या तक्रारीत संशयित बदल कोणता, चाचणी कोणत्या मांडणीवर घेतली आणि बिघाड पुन्हा कसा घडवून पाहावा, हे सारे असावे. शोध चुकलेला असू शकतो, हे सांगायलाही यंत्राने लाजू नये.

कर्नल टेस्ट रोबॉट आणखी एक विनंती करतो: दोष दुरुस्त केलात, तर दुरुस्तीच्या टिपणात कळवणारा म्हणून माझे नाव लिहा. यंत्राला कसला मान, असे वाटेल. पण त्यामुळे कोणते दोष यंत्राने पकडले हे पुढे मोजता येते.

सिझबॉट तर उत्तरही ऐकतो. ‘ही तक्रार आधीच्याच दोषाची आहे’ असे ठरावीक शब्दांत कळवले, की तो ती त्या जुन्या तक्रारीला जोडतो. आणि बिघाड पुन्हा घडवण्याची कृती हाती असेल, तर तुमची दुरुस्ती त्याच्याकडे धाडा. तो ती चालवून पाहतो आणि निकाल कळवतो.