नळदुर्ग : तीन सत्तांच्या शिवेवरचं गाव

सोलापूर-हैदराबाद महामार्गावरून जाणाऱ्यांना नळदुर्ग म्हणजे चहाचा थांबा. पावसाळ्यात धबधब्यापुढे एक सेल्फी काढायची आणि गाडी पुढे काढायची. तुळजापूर तालुक्यातल्या या गावाची ओळख एवढ्यावरच भागवणं अन्याय आहे, कारण चारशे-साडेचारशे वर्षं ते कुणाच्या ना कुणाच्या सरहद्दीवर उभं राहिलं आहे.

आदिलशाहीचं विजापूर आणि निजामशाहीचं अहमदनगर यांची ओढाताण या टापूत चाले. म्हणून विजापूरकरांनी बोरी नदीच्या वळणातला हा किल्ला काळ्या दगडात भक्कम बांधून काढला. किल्ल्याला ११४ बुरूज असल्याचं सांगतात. त्यांतल्या उंच उपळ्या बुरुजावर चढलं की हे वळण नजरेत भरतं.

पण खरी करामत खाली आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३च्या सुमारास, किल्ला आणि शेजारचा रणमंडळ हा जोडकिल्ला यांच्यामध्ये नदीवर भिंत घालून पाणी अडवलं गेलं. या भिंतीच्या पोटातच पाणीमहाल आहे. पायऱ्या उतरून आत जावं, तर नक्षीदार कमानींचा सज्जा लागतो. दोन्ही बाजूंच्या सांडव्यांवरून नर आणि मादी हे धबधबे कोसळत असतात, समोर तुषारांचा पडदा, कानठळ्या बसवणारा आवाज, आणि आपण मात्र कोरडे! शत्रू अंगावर येण्याच्या जागी असा शौक करणाऱ्या राजाला दाद द्यावीच लागते.

पुढे मोगल आले, मग निजाम. १८५३मध्ये निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला, तेव्हा इथला कारभार ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’चा लेखक मेडोज टेलर याच्याकडे आला. १८६०मध्ये मुलूख पुन्हा निजामाकडे गेला. आजच्या धाराशिव जिल्ह्याचं नावच विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत नळदुर्ग होतं. ते मोठेपण गेलं. आता इथे नगरपरिषद आहे, तालुक्याचं ठिकाण मात्र तुळजापूर.

१३ सप्टेंबर १९४८. सोलापूर भारतात, नळदुर्ग निजामाच्या राज्यात. हैदराबाद संस्थानावरच्या पोलीस कारवाईची पहिली मोठी चकमक इथेच झडली. बोरीवरचा पूल उडवला जाण्याआधीच भारतीय फौजेने ताब्यात घेतला आणि रणगाडे जळकोट, उमरग्याकडे सुटले. शीख रेजिमेंटचे हवालदार बचित्तर सिंग त्याच दिवशी इथे धारातीर्थी पडले. अशोकचक्राचे ते पहिले मानकरी. चारच दिवसांत निजामाने शरणागती पत्करली.

आता शीव कर्नाटकाची. खंडोबाला त्याचं सोयरसुतक नाही. त्याला दोन्हीकडचे भक्त येतात. त्याचा स्वतःचा करार मात्र वेगळाच आहे. मूर्ती एकच, देवळं दोन, एक जवळच्या अणदूरला आणि एक नळदुर्गच्या मैलारपुरात. देव वर्षातला बहुतेक काळ अणदूरला असतो, जेमतेम पावणेदोन महिने नळदुर्गला. दोन्ही गावचे मानकरी लेखी करार करूनच देवाला नेतात-आणतात. पौष पौर्णिमेची यात्रा नळदुर्गची.

जायचं असेल तर सुटीचं कॅलेंडर पाहून निघू नका. वरचं बोरी धरण भरून सांडल्याशिवाय नर-मादी वाहत नाहीत. ती बातमी आली की निघा, आणि किल्ल्यासाठी निदान अर्धा दिवस राखून ठेवा.